सत्तावीस नंबरची ट्यूब

अहवालात लिहिलं होतं की सत्तावीस नंबरच्या ट्यूबमध्ये जे आहे ते सत्तावीस नंबर नाही. एवढंच, दीड ओळ. खाली तक्ता, त्याखाली सही, आणि सहीखाली ‘हा अहवाल मिळालेल्या नमुन्यापुरताच मर्यादित आहे’ हे वाक्य, जे असल्या लोकांना लिहायला फार आवडतं. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. मंगळवार, सकाळचे अकरा. बाहेर कुणीतरी पाण्याचा पंप सारखा चालू-बंद करत होतं, आणि मला पहिला राग आला तो त्या पंपवाल्याचा. मग अहवाल लिहिणाऱ्याचा. यांना मशीन धड धुता येत नाही आणि बोट दाखवायचं आमच्या ट्यूबकडे. मी तसं म्हणालोही. सर म्हणाले, दोनदा तपासलंय त्यांनी, परत करा म्हणून मीच सांगितलं होतं. सत्तावीसमध्ये सव्वीस आहे. कदाचित कित्येक वर्षं असेल.

तेवीस वर्षं मी या संस्थेत शेवाळ सांभाळतो. माझं आडनाव शेवाळे नाही. कुणीतरी गमतीनं सुरू केलं आणि ते चिकटलं. नव्या मुलांना तेच खरं वाटतं, पत्रंही त्याच नावानं येतात, एकदा तर ओळखपत्रच तसं छापून आलं. ते बदलून मिळायला चार महिने लागले आणि तोवर मीच त्या हाकेला ओ द्यायला लागलो होतो. काम साधं आहे. एकशे ऐंशी ट्यूबा, प्रत्येकीत तिरकी गोठवलेली जेली, जेलीवर हिरवा थर. दर दोन महिन्यांनी जुन्या ट्यूबमधलं चिमूटभर नव्या ट्यूबमध्ये न्यायचं. तार ज्योतीवर लाल करायची, निववायची, जुन्या थराला टेकवायची, नव्या जेलीवर ओढायची, कापसाचा बोळा लावायचा, चिठ्ठी लावायची. पुन्हा तार लाल. एकशे ऐंशी वेळा. कंटाळा येतो का म्हणून लोक विचारतात. मला कंटाळा त्या प्रश्नाचा येतो. माझ्या हातून ट्यूब चुकत नाही ही गोष्ट या इमारतीत जिन्यासारखी होती, सगळे तिच्यावरून ये-जा करायचे आणि कुणी खाली बघायचं नाही. मीटिंगमध्ये कुणी ते बोलून दाखवलं की मी टेबलाकडे बघायचो. माझी हो म्हणायची तीच पद्धत आहे.

सव्वीस आणि सत्तावीस म्हणजे मायलेकी. हे शेवाळ उन्हावर जगतं आणि उरलेलं साठवतं, काही स्टार्च म्हणून, काही तेल म्हणून. सरांनी अठरा वर्षांपूर्वी सव्वीसमधला स्टार्च तयार करणारा जीन बंद पाडला आणि जी लेक निघाली ती सत्तावीस. तिचं नत्र तोडलं, म्हणजे तिला खताविना ठेवलं, की ती वाढ थांबवते आणि सगळी शिल्लक तेलात टाकते, आईच्या दुप्पट. त्या तेलावर गाड्या चालवायच्या असा एकंदर बेत. अठरा वर्षं तो बेतच आहे. आता कुठे मोठ्या तळ्यांत वाढवायला एका कंपनीनं सत्तावीस मागितली होती, म्हणून जीन वाचून घ्यायला ती बाहेर पाठवली, म्हणून हा कागद. दिसायला मायलेकी अगदी सारख्या. हिरवं म्हणजे हिरवं, शेजारी ठेवल्या तर ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. कळतं फक्त आयोडीननं. उपाशी ठेवलेल्या थरावर आयोडीनचा थेंब टाकला की स्टार्चवाली आई काळीनिळी पडते, लेक पिवळसर राहते. बटाट्यावर टाकून शाळेतली मुलंही बघतात ते.

सर चष्मा घालून म्हणाले की याचा अर्थ उघड आहे, ती पीएचडीची डावरी मुलगी होती ना, तिच्या हातून झालं असणार. परत ठेवताना अदलाबदल. आपण दुसऱ्या प्रयोगशाळेला पूर्वी सत्तावीस दिली होती, तिथून परत मागवू, रॅकमध्ये ठेवू, विषय संपला. मी मान हलवली. जिना उतरून माझ्या खोलीत आलो, स्टुलावर बसलो आणि लक्षात आलं की मला बरं वाटतंय. ती डावरी होतीच. तार डाव्या हातात धरायची, ज्योत उलट्या बाजूला ठेवायची, आणि तिच्यानंतर त्या टेबलावर बसलं की सगळं आरशात मांडल्यासारखं वाटायचं. मला त्याचा त्रास व्हायचा. मी रोज बर्नर उजवीकडे सरकवायचो आणि ती रोज डावीकडे. दोन वर्षं आम्ही हे केलं, एका शब्दानं न बोलता. पण ते बरं वाटणं चहा संपेपर्यंतही टिकलं नाही, कारण दुसरी एक आठवण आधीपासूनच खोलीत येऊन उभी होती.

ती सहा वर्षांपूर्वी पीएचडीला आली. सत्तावीसमध्ये तेल नेमकं कशानं वाढतं हे तिनं शोधायचं होतं. आणि तिच्या हातात सत्तावीस वाढेचना. म्हणजे शेवाळ वाढायचं, तेल वाढायचं नाही. आईइतकंच तेल, दर वेळी. वर्षभरानं ती एक बशी घेऊन माझ्या दारात आली. बशीत काळेनिळे ठिपके. काका, हे पिवळं राहायला हवं ना, तिनं विचारलं. मी बघितलं. काळंनिळं होतं, शाईसारखं. मी म्हणालो, बशीत दुसरं काहीतरी शिरलं असेल, हात स्वच्छ ठेवत जा. पुढच्या आठवड्यात सरांनी दोघांना बोलावलं आणि मला सरळ विचारलं की ट्यूब बरोबर आहे ना. तेव्हा मी जे वाक्य बोललो ते मला अजून शब्दन्‌शब्द येतं. ‘‘माझ्या रॅकमधली ट्यूब चुकीची निघाली तर त्या दिवशी मी नोकरी सोडीन.’’ सर हसले. तीही थोडी हसली, मोठ्या माणसांचं मन राखायला हसतात तशी, आणि बशी उचलून गेली. नंतर वर्षभर तिनं तेच तेच केलं, त्याच ट्यूबमधून घेऊन. मग समितीनं तिच्या कागदांवर ‘कामात हलगर्जीपणा’ असं लिहिलं आणि तिचं नाव काढलं. जाताना ती मला भेटायला आली नाही. मी तिला उर्मट म्हणालो होतो, जेवताना, चारचौघांत.

आयोडीनची बाटली माझ्या डोक्यावरच्या फळीवर असते. ती सोळा वर्षं तिथे आहे. माझ्या रॅकमधलं चिमूटभर घेऊन, पंधरा दिवस उपाशी ठेवून, एक थेंब. मी तेव्हा ते का केलं नाही? वेळ होता. बाटली होती. खरं कारण मला त्या स्टुलावर सापडलं आणि ते इतकं फालतू होतं की मी उठून उगाचच खिडकी उघडली. तपासणं मला अपमानाचं वाटलं होतं.

माझी एक सवय आहे, नियमात न बसणारी. दर वर्षाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक नंबरची एक जास्तीची ट्यूब मी थंड कपाटाच्या तळाशी ठेवतो. टाकवत नाही म्हणून, दुसरं काही नाही. तिथे सत्तावीसच्या नऊ निघाल्या. बहुतेक पांढऱ्या पडलेल्या. सगळ्यांतलं थोडं थोडं ताज्या जेलीवर घेतलं, त्यातल्या तीन हिरव्या झाल्या. मग त्यांना उपाशी ठेवलं. तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत मी घरी कसा वागलो ते बायकोला विचारा. ती प्राथमिक शाळेत शिकवते, घरी वह्या घेऊन बसते, आणि तिच्या लाल पेनाच्या टिकटिकीवरून मी दोनदा भांडलो. शेवटी तिला सगळं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं नाही. म्हणाली, अहो, माझ्या हातून इतक्या वर्षांत किती मुलांची बेरीज चुकली असेल, मी काय प्रत्येकाच्या घरी जाते का सांगायला? तुम्हाला कोणी विचारतंय का? सर म्हणतात ना संपलं म्हणून, मग संपलं. तिचं बोलणं इतकं समजूतदार होतं की मला खोलीत बसवेना.

तीन थेंब टाकले तो शुक्रवार होता. सर्वांत जुनी ट्यूब पिवळी. पुढच्या वर्षाची काळीनिळी. त्यापुढची काळीनिळी. काळ्यानिळ्यांतल्या पहिलीवर माझ्याच अक्षरात तारीख होती आणि त्या तारखेनंतर दोन महिन्यांनी डावरी संस्थेत रुजू झाली होती. म्हणजे अदलाबदल झाली तेव्हा तिनं या इमारतीचं फाटकही बघितलं नव्हतं. त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. पिवळी आणि काळीनिळी यांच्यामध्ये सहा वेळा ट्यूबा बदललेल्या. सहा तारखा, सहाही ठिकाणी माझी सही, कुठे खाडाखोड नाही. मग मी त्या सहा दिवसांत चूक शोधत बसलो. एक दिवस माझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा होता. एका दिवशी दादाचा फोन आला होता, आईला आता तू ने, माझ्याच्यानं होत नाही, आणि मी तार हातात धरूनच त्याच्याशी भांडलो होतो. मला तो दिवस पसंत पडला. तो असता तर निम्मी चूक दादाची झाली असती, आणि दोष घालायला त्याच्यावर जागा भरपूर आहे. पण बाकीचे चार दिवस मला आठवतच नव्हते. त्यांत काही घडलंच नव्हतं. ऊन असेल, जेवलो असेन, एकशे ऐंशी वेळा तार लाल केली असेल, आणि सव्वीसच्या थराला टेकवलेली तार सत्तावीसच्या जेलीवर ओढून पुढे गेलो असेन. हाताला काहीच लागलं नसणार. बोट कापलं तर निदान कळतं.

सरांकडे तिन्ही बशा घेऊन गेलो. त्यांनी बघितल्या, नीट बघितल्या, शास्त्रज्ञ माणूस. मग उठून दार लावून घेतलं. म्हणाले, तुमचं वय झालं काका, रजिस्टरमधली तारीखही चुकलेली असू शकते. मी म्हणालो, तारीख चुकलेली नाही. ते म्हणाले, ट्यूबही चुकत नव्हती म्हणायचात. पुढे त्यांनी अगदी मायेनं सांगितलं की ती मुलगी आता कुठेतरी सुखात असेल, जुनं उकरून तिलाच त्रास होईल, आणि त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीला सहा महिने राहिलेत, ते नीट जाऊ द्यावेत. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. तेवीस वर्षं मी चुकत नाही म्हणून सगळे माझ्यावर विसंबले, आणि आता मी चुकलो म्हणतोय तर तेवढी एक गोष्ट कुणी माझ्याकडून घ्यायला तयार नाही.

डावरीचा नंबर जुन्या अर्जावर होता. फोन तिच्या आईनं उचलला आणि संस्थेचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, ती गाडी शिकवते, मोठ्या मैदानापाशी, दुपारी असते. मी गेलो. मैदानात उलटे ठेवलेले डबे, त्यांच्यामधून एक लहान पांढरी गाडी रांगत होती आणि टपावर शिकाऊची पाटी. ती थांबली, शिकणारा माणूस उतरून गेला, आणि डावरीनं मला काचेतून ओळखलं. चेहऱ्यावर काही आलं नाही. वीस मिनिटं आहेत, म्हणाली, बसा. ती तिच्या जागेवरून हलली नाही, म्हणून मला चालकाच्या जागी बसावं लागलं. गाडी येते का, तिनं विचारलं. नाही म्हणालो. मग कशाला हात लावू नका, ती म्हणाली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सांगायला लागलो. तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता. तिचा पाय सगळा वेळ त्याच्यावर होता.

ती समोर बघत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं फक्त तारखा विचारल्या. पिवळी कधीची, काळीनिळी कधीची, ती स्वतः रुजू कधी झाली ते तिला तोंडपाठ होतं. मनाशी वजाबाकी केली असणार.

‘‘मी कुलूप चार वेळा बघते,’’ ती म्हणाली. ‘‘घरातून निघताना. अजूनही. पहिली दोन वर्षं तर मी गॅसला हात लावला नाही, आईच सगळं करायची. मला वाटायचं, माझा हातच तसा आहे. हे काम का घेतलं माहितीये? इथे माझ्याकडे फक्त ब्रेक असतो. चुकायचं दुसऱ्यानं.’’

मी म्हणालो, मला माफ कर. ते वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं, बरंच लांब होतं, त्यातले एवढेच शब्द आले.

‘‘ते राहू द्या. सांगितलंत कुणाला?’’

‘‘सरांना.’’

‘‘लेखी?’’

मी नाही म्हणालो.

‘‘म्हणजे मला सांगायला आलात. काका, मला माहीत होतं. मी बशी घेऊन आले होते तुमच्याकडे. मला आधी माहीत होतं, मग तुम्ही सगळ्यांनी मिळून ते माझ्याकडून काढून घेतलंत. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.’’ तिनं घड्याळ बघितलं. ‘‘आणि उतरा आता, माझी पुढची बाई आली.’’

मी उतरलो. दार नीट लागलं नाही, तिनं आतून हात लांब करून ते पुन्हा ओढलं. परत जाताना मी तिच्यावर चांगलाच वैतागलो होतो. एवढ्या लांब आलो, एवढं मन घट्ट करून, साधं पाणीही विचारलं नाही. दोन थांबे गेल्यावर कुठे मला लक्षात आलं की हलकं वाटावं म्हणून मी गेलो होतो, आणि ते काही तिचं काम नव्हतं.

संस्थेत तक्रारीचा छापील अर्ज असतो. तक्रारदाराचे नाव. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचे नाव. मी दोन्हीकडे माझं लिहिलं, खरं आडनाव. घटनेच्या जागी सहाही तारखा लिहिल्या आणि नेमकी कोणती ते सांगता येत नाही असं लिहिलं. तिच्यावर ठेवलेला ठपका माझ्या शब्दावरून ठेवला गेला, तो शब्द खोटा होता, हेही लिहिलं. आवक-जावकच्या बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, काका, हे चालत नाही, दोन वेगळी माणसं लागतात. मी म्हणालो, माझ्याकडे दुसरा माणूस नाही. त्या म्हणाल्या, मग सूचनापेटीत टाका ना. मी म्हणालो, ही सूचना नाही. असा अर्धा तास गेला. मागे रांग झाली. शेवटी त्यांनी शिक्का मारला तो रांगेला वैतागून. मला चालला.

सर माझ्याशी बोलायचे थांबले. जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघायचे. तीन जणांची समिती बसली, मला नऊ मिनिटं आत बोलावलं, त्यातली चार मिनिटं मला त्या काळात काही मानसिक ताण होता का यावर गेली. होता म्हणा, असं त्यांचे चेहरे सांगत होते, म्हणजे सगळ्यांचीच सोय होईल. मी म्हणालो, असेल, पण ताणानं मी तिला खोटं पाडलं नाही, ते मी चांगलं जेवून-खाऊन केलं. मग निर्णय आला. तिच्या कागदांवरचा हलगर्जीपणाचा शेरा काढावा, तसं पत्र तिला द्यावं, तिनं अर्ज केल्यास पुन्हा प्रवेशाचा विचार व्हावा. माझ्याकडून रॅक काढून घेतला आणि मला काचसामानाच्या भांडारात बसवलं. नोकरी सोडीन म्हणालो होतो, ती सोडली नाही. बायकोनं आठवणही करून दिली नाही, आणि त्याचाही मला राग आला. ट्यूबांच्या खोलीत आता दुसरी माणसं आहेत, चिठ्ठ्यांवर बारकोडच्या रेघांचे शिक्के आहेत. दिवसातून एकदा तरी माझा पाय त्या जिन्याकडे वळतो आणि मी त्याला परत आणतो.

पत्र गेलं. दहा दिवस काहीच नाही. मी काय अपेक्षा करत होतो कुणास ठाऊक. फोन वाजला की बघायचो, दादा असायचा, आईच्या औषधांबद्दल. अकराव्या दिवशी, चंचुपात्रं मोजत होतो तेव्हा, तिचा निरोप आला. पहिलाच. मी चष्मा पुसून वाचला.

‘‘पत्र मिळालं. त्यात ट्यूबचा नंबर सदतीस छापलाय. दुरुस्त करून पाठवायला सांगा. मला ते अर्जाला जोडायचं आहे.’’

मी तसाच उठलो आणि आवक-जावकला गेलो. बाईंनी पत्राची प्रत काढली, बोट ठेवून वाचली. खरंच सदतीस होतं. साहेबांची सही परत घ्यावी लागेल, त्या म्हणाल्या, साहेब सोमवारी येतात, आणि सोमवारी त्यांना मीटिंग असते. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘‘राहू द्या ना काका. एका आकड्यानं काय होतं?’’

मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, त्यांच्या टेबलासमोर ठेवली आणि बसलो.